ऑपरेशनची तारीख आणि नाकावरचा मास्क

रात्री अडीचच्या सुमारास शेजारच्या खोलीतून काहीतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर दादा पलंगावर उठून बसलेला, कपाळावर घाम, गालांवर पट्ट्यांचे लाल वळ, आणि मास्क कोपऱ्यात पडून फुसफुसतोय. मशीन चालूच होतं. "जीव घुसमटतोय माझा त्यात. नको ते ऑपरेशन आणि नको हे झेंगट," दादा म्हणाला. वहिनीने मास्क उचलला, पदराने पुसला आणि माझ्याकडे बघितलं. घरात शाळेत सायन्स शिकवणारी मी एकटी. त्यामुळे प्रत्येक रिपोर्ट, प्रत्येक गोळी आणि आता हे मशीन, सगळं माझ्याच गळ्यात.

दादा ५१ वर्षांचा. साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वजन १२८ किलो, उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४४. शुगर आहे, बीपी आहे. पुण्यातल्या सर्जनांनी वजन कमी करायचं ऑपरेशन ठरवलं आणि तपासण्यांची यादी दिली. त्यात एक झोपेची तपासणी होती. तिचा रिपोर्ट आला आणि तारीख देणं थांबलं. आधी महिनाभर तरी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं हे मशीन, लावून झोपा, मग भूलतज्ज्ञांशी बोलू, असं सांगण्यात आलं. दादाला तो अपमान वाटला. नुसत्या घोरण्यापायी कुणी ऑपरेशन अडवतं का?

अडवतात. का, ते आमच्या घरी फार उशिरा कळलं. आधी मशीन आलं, मग भांडणं आली, आणि समज सगळ्यात शेवटी. म्हणून इथे उलट्या क्रमाने सांगते.

मळ्यातल्या पंपाला दोन बाजूंनी पाइप असतात. विहिरीतून पाणी ओढणारा सक्शनचा पाइप कडक असतो. पुढे रानात पाणी नेणारा चपटा, गुंडाळी करून खांद्यावर टाकता येणारा असला तरी चालतो. समजा कुणी तो चपटा पाइप सक्शनला लावला, तर काय होईल? पंप सुरू होताच पाइपच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जाऊन एकमेकींना चिकटतील. मोटार ओरडेल, पाणी येणार नाही.

आपली श्वासनलिका कडक पाइपासारखी आहे, तिला कूर्चेच्या कड्यांचा आधार आहे. पण नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घसा हा चपटा पाइप आहे. त्याला हाडाचा आधार नाही, स्नायूंनी तो उघडा धरून ठेवलेला असतो. आणि तो लागलाय सक्शनच्या बाजूला, कारण श्वास घेताना छाती हवा आत ओढते. जागेपणी स्नायू ताठ असतात म्हणून निभावतं. झोपेत ते सैलावतात. पाइप थोडा चिकटला की भिंती थडथडतात, ते घोरणं. पूर्ण चिकटला की हवा बंद. छाती-पोट जोर लावत राहतं, हवा मात्र जात नाही. हा आहे स्लीप ॲप्निया.

हे सांगितल्यावर दादाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे ड्राय चालते मोटार," तो म्हणाला. अगदी तेच.

वजन वाढलं की चरबी फक्त पोटावर साठत नाही. ती मानेत साठते, घशाच्या भिंतींत साठते, जिभेतसुद्धा साठते. पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते, पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो, फुप्फुसं कमी फुगतात आणि त्यांच्यामुळे घशाला खालून जो ताण मिळतो तोही कमी होतो. वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नसतो. कसा असणार? आपलं घोरणं आपल्याला सहसा ऐकू येत नाही. दादाला फक्त सकाळी डोकं जड वाटायचं, आणि दुपारी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना डुलकी लागायची. वहिनी मात्र गेली सहा-सात वर्षं रात्री जागी राहून, श्वास परत सुरू होतोय ना, हे बघत होती. तिने ते एकदाच आमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगितलं होतं. "दमल्यावर घोरतात पुरुष," असं उत्तर मिळालं, मग ती परत बोलली नाही.

तपासणीत एक रात्र अंगाला तारा लावून झोपवतात. नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी. पूर्ण तपासणीत डोक्यालाही तारा असतात, घरी करायच्या छोट्या तपासणीत त्या नसतात. श्वास किमान १० सेकंद बंद पडला की एक नोंद. पूर्ण बंद न पडता बराच उथळ झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तरी एक नोंद. अशा नोंदी तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. दादाचा ४२ आला. म्हणजे रात्रभर, साधारण दर दीड मिनिटाला एकदा, मेंदू त्याला हलवून उठवतोय, घसा उघडतोय, पुन्हा डोळा लागतोय, पुन्हा पाइप चिकटतोय. बोटाच्या चिमटीवरचा ऑक्सिजन एकदा ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

तपासणीला पाठवावं की नाही हे ठरवायला डॉक्टर आठ प्रश्न विचारतात, त्याला स्टॉप-बँग म्हणतात. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही पद्धत मांडली. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी, बीएमआय, वय, मानेचा घेर, पुरुष की स्त्री. तीन 'हो' आले की शंका घ्यायची, पाच किंवा जास्त आले की दाट शंका. ही यादी भूलतज्ज्ञांनी केली हे मला महत्त्वाचं वाटतं. ऑपरेशन टेबलावर याचा फटका पहिल्यांदा त्यांनाच बसतो.

तो कसा? दर दीड मिनिटाला दादाला वाचवतो कोण, तर त्याचा मेंदू, त्याला अर्धवट जागं करून. भूल म्हणजे नेमकं तेच बंद करणं. स्नायू आणखी सैल, आणि जागं करणारा पहारेकरीही झोपलेला. शस्त्रक्रिया सुरू असताना श्वासनलिकेत नळी असते, त्यामुळे तो वेळ तसा सुरक्षित. जोखीम असते ती नळी घालण्याआधी आणि काढल्यानंतर. मान जाड असली की मास्कने हवा देणं आणि नळी घालणं, दोन्ही अवघड होऊ शकतं. शिवाय लठ्ठ माणूस आडवा झाला की फुप्फुसांतला हवेचा साठा फार थोडा उरतो. श्वास थांबल्यावर त्याचा ऑक्सिजन सडपातळ माणसाच्या निम्म्याहूनही कमी वेळात घसरतो.

नळी काढल्यावर दुखणं असतंच, त्यावर देतात ती मॉर्फिनच्या जातीची औषधं श्वासाचा वेग कमी करतात आणि जाग येण्याची प्रतिक्रिया बोथट करतात. त्यात एक गंमत, खरं तर गंमत नाही ही: ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ लागतच नाही. ती उधारी शरीर पुढच्या काही रात्रींत वसूल करतं. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात आणि ॲप्निया सगळ्यात वाईट. म्हणजे धोक्याची रात्र तिसरी-चौथीही असू शकते. तोवर पेशंट वॉर्डात आलेला असतो, किंवा घरीच. त्या रात्री मास्क पहिल्यांदा हातात घेऊन चालणार नाही. सवय आधीच झालेली हवी. सर्जन महिनाभर आधी मशीन लावायला सांगतात त्याचं हे सगळ्यात व्यवहारी कारण. दुसरं म्हणजे काही आठवडे नियमित वापर झाला की घोरून घोरून सुजलेला घसा थोडा निवतो आणि बीपी आवरायलाही मदत होते.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. मशीन लावलं नाही तर ऑपरेशन होणारच नाही, असा जागतिक नियम नाही. भूल आणि झोप या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, सोसायटी ऑफ ॲनेस्थेशिया अँड स्लीप मेडिसिनने, २०१६ मध्ये सांगितलं की केवळ ॲप्नियाच्या तपासणीसाठी शस्त्रक्रिया सरसकट पुढे ढकलायला पुरेसा पुरावा नाही. इतर आजार आटोक्यात नसतील किंवा दिवसाही श्वास अपुरा पडत असेल तर मात्र थांबावं. दिवसाही श्वास अपुरा पडणं हे वेगळं प्रकरण आहे. त्यात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. साध्या रक्ततपासणीत बायकार्बोनेट २७ किंवा त्याच्या वर दिसलं तर डॉक्टर तिकडे बघतात, आणि अशा काहींना सीपॅप पुरत नाही, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं बायपॅप लागतं. दादाचं २५ होतं. पण तीव्र ॲप्निया आणि वजन कमी करायचं ऑपरेशन हे दोन्ही एकत्र असताना बहुतेक टीम मशीन लावायलाच सांगतात, आणि मी सर्जन असते तर मीही तेच केलं असतं.

तपासणीचा कागद जपून ठेवायचं आणखी एक कारण आहे, पैशाचं. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनला जी अट आहे, त्यात बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, असं म्हटलंय. त्या गंभीर आजारांच्या यादीत तीव्र स्लीप ॲप्निया नावाने आहे. बीएमआय ३७ असलेल्या माणसाचा सगळा क्लेम कधीकधी या एका रिपोर्टवर उभा असतो. घरी वापरायचं मशीन मात्र विमा बहुधा देत नाही. ते महिन्याच्या भाड्यानेही मिळतं, आणि निवड होईपर्यंत भाड्यानेच घ्यावं असं माझं मत.

आता मशीन. चपटा पाइप सक्शनला चालत नाही, पण प्रेशरच्या बाजूला मस्त चालतो. आत दाब असला की आपोआप गोल फुगतो. सीपॅप एवढंच करतं. ते ऑक्सिजन देत नाही, श्वासही घेऊन देत नाही. खोलीतलीच हवा किंचित दाबाने नाकातून घशात भरून ठेवतं, म्हणजे भिंती चिकटत नाहीत. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, आणि घरी वापरायची बहुतेक मशीनं ४ ते २० च्या मधे चालतात. १० म्हणजे किती? उंच पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. तेवढाच. दादाने फुंकून बघितलं आणि म्हणाला, "एवढंसं?" रात्री चेहऱ्यावर तोच दाब वादळासारखा वाटतो, ते वेगळं.

हे मशीन सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी बनवलं. १९८१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी पाच पेशंटची हकीकत छापली. त्याआधी तीव्र ॲप्नियावर हमखास उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सलिव्हन यांची सुरुवातीची मशीनं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालायची आणि मास्क रोज रात्री चेहऱ्याला सिलिकॉनने चिकटवावा लागायचा. हे ऐकून दादा पलंगावरून उठला, मशीन कानाशी धरलं. "ब्लोअर आहे गं हा. बेअरिंग चांगलं आहे." त्या दिवसापासून मशीनशी त्याचं भांडण मिटलं. मास्कशी मिटायला आणखी तीन आठवडे गेले.

मास्कबद्दल थोडं जास्त बोलते, कारण लोक हार मानतात ती इथे.

आमच्याकडे मशीन घेऊन आलेल्या माणसाने पिशवीतून एकच मास्क काढला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मोठा. दादाला खुर्चीत बसवून पट्ट्या आवळल्या, "जमेल हळूहळू" म्हणाला आणि गेला. यात तीन चुका होत्या. मला त्या नंतर कळल्या.

पहिली, मास्कचा प्रकार. मुख्य प्रकार तीन: नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन मऊ उशा, फक्त नाक झाकणारा त्रिकोण, आणि नाक-तोंड झाकणारा फुल फेस. तोंड उघडं ठेवून झोपतो म्हणून फुल फेस द्यायची पद्धत आहे, पण त्याची कड लांब, म्हणून गळायच्या जागा जास्त, आणि बऱ्याचदा दाबही जास्त लागतो. आणि पुष्कळ लोक तोंड उघडं ठेवतात ते नाक चोंदलेलं असतं म्हणून. आधी नाक बघा. दादाला मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे, एवढ्यावर आठवड्यात फरक पडला. मग अडचण उरली मिशीची. नाकावरच्या मास्कची खालची कड वरच्या ओठावर टेकते, आणि दादाची मिशी झुपकेदार. हवा मिशीतून शिट्टी वाजवत डोळ्यांकडे जायची, सकाळी डोळे लाल. मिशी काढायचा विषय वहिनीने काढला आणि घरात दोन दिवस अबोला. शेवटी नाकपुड्यांच्या उशा आणल्या. त्या मिशीच्या वर बसतात. मिशी वाचली.

दुसरी चूक, बसवून माप घेणं. माणूस आडवा झाला की गाल मागे ओघळतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. त्यामुळे मास्क लावायचा तो आडवं होऊन, उशीवर डोकं ठेवून, मशीन चालू करून, ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर. आणि आवळायचा नाही. कडेचं सिलिकॉन दुपदरी असतं, आतला पातळ पदर हवेने फुगून चेहऱ्याला बसतो. पट्टी आवळली की तो पदर दाबला जातो आणि गळती उलट वाढते. मग माणूस अजून आवळतो. गालांवर वळ येतात ते यामुळे. हवा गळायला लागली तर मास्क बोटांनी चेहऱ्यापासून किंचित उचलायचा आणि अलगद टेकवायचा, म्हणजे तो पदर पुन्हा फुगून बसतो. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

आणखी एक आपल्याकडची बाब: तेल. रात्री डोक्याला तेल, चेहऱ्याला क्रीम, आणि त्यावर सिलिकॉन. घसरणारच. झोपण्याआधी तोंड साबणाने धुवायचं, सकाळी मास्कची कड सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायची.

तिसरी चूक सगळ्यात कमी सांगितली जाते. "घुसमटतंय" ही तक्रार ऐकली की सगळे समजतात, हवा जास्त होतेय, कमी करा. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. सुरुवात अगदी कमी, ४ वर, मग हळूहळू वाढ. सडपातळ माणसाला ४ ठीक वाटतं. १२८ किलोच्या माणसाला ४ वर हवाच पुरत नाही, कारण त्याची प्रत्येक श्वासाची ओढ मोठी असते. दादा पहिल्या वीस मिनिटांतच घाबरा व्हायचा, आणि आम्ही त्याला सांगत होतो, थांब जरा, अजून प्रेशर आलंच नाहीये! छातीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सुरुवात ७ वर नेली, आणि श्वास सोडताना दाब जरा उतरण्याची सोयही सुरू करून दिली. त्या रात्री पहिल्यांदा मास्क भिंतीवर गेला नाही. हे आकडे आपल्या मनाने बदलू नयेत, पण फोन करायला काय जातं?

भीती वाटते त्यांच्यासाठी उपाय दिवसाचा आहे. पट्ट्या न लावता, मशीन चालू करून, मास्क हाताने नाकाशी धरायचा. नको वाटला की लगेच काढायचा. टीव्हीवर बातम्या बघत पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. पुढे पट्ट्या लावून, मग दुपारच्या झोपेत. दादाने हे दुकानाच्या माळ्यावर, आर्मेचरच्या ढिगाशेजारी बसून केलं. काढण्याची मोकळीक हातात असली की भीती कमी होते.

दादाने एक उद्योग मात्र असा केला की माझं रक्त थंड पडलं. मास्कच्या पुढच्या भागाला बारीक भोकं असतात, त्यातून सतत सूं आवाज येतो. मोटारवाल्याला गळती सहन होत नाही. त्याने भोकांवर काळी इन्सुलेशन टेप लावली. ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तिथून बाहेर जातो. ती बंद केली तर आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेतला जातो. तिथे काहीही लावू नका, उशीही टेकू देऊ नका. आणि काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाची बटणं असतात. पेसमेकर असलेल्याने, किंवा त्याच्या कुशीत झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर, तसला मास्क घेऊ नये.

बारीकसारीक बाकीचं पटकन. मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बोअरचं नको, क्षार साठतात. थंडीत किंवा एसीत नळीत पाणी साठून नाकात थेंब येतात, तर नळी गोधडीखालून घ्यायची आणि मशीन पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवायचं. तोंड कोरडं पडलं तर दमटपणा वाढवायचा. पोटात हवा भरून फुगल्यासारखं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, दाब जुळवता येतो. आणि लाइट! आमच्याकडे गुरुवारी हटकून जाते. दादाने घरच्या इन्व्हर्टरवर एक वेगळा पॉइंट काढला, त्यात त्याला फार आनंद झाला.

चार तासांचा आकडा तुमच्याही कानावर येईल. रोज किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री, ही मूळ अमेरिकेतली विम्याची अट. शरीराला ती अट माहीत नाही. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, आणि ॲप्निया तेव्हाच सगळ्यात वाईट. चार तास झाले म्हणून तीन वाजता मास्क काढला, तर खरा धोक्याचा भाग उघड्यावर. मशीनच्या कार्डावर किंवा मोबाइलवर रोजचे तास, गळती आणि उरलेला एएचआय दिसतो. सहाव्या आठवड्यात दादाचा मास्क रोज साडेसहा तास लागत होता आणि उरलेला एएचआय ३.१ होता. तो कागद भूलतज्ज्ञांनी बघितला आणि तारीख मिळाली.

दवाखान्यात जाताना मशीन, मास्क, नळी, सगळं स्वतःचं न्यायचं, आणि मास्कवर नाव लिहून. तिथला दुसरा मास्क त्या रात्री बसेलच असं नाही. आम्हाला एक भीती होती, आणि ती बऱ्याच घरांत असते: जठराला इतके टाके घातलेत, त्यात हवा भरली तर टाके उसवतील? झालेल्या अभ्यासांत, सीपॅप लावल्याने टाक्यांतून गळती वाढल्याचं दिसलेलं नाही. दादाला रिकव्हरीत आणल्यावर पलंगाचा माथा उंच ठेवला होता, बोटाला चिमटी होती आणि अर्ध्या तासात मास्क नाकावर होता. अर्धवट गुंगीत त्यानेच पट्टी सरळ केली.

ऑपरेशननंतर घोरणं लवकर कमी होतं, आणि तिथेच लोक मशीन विकायला काढतात. वजन आणि ॲप्नियाचं नातं पक्कं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या एका पाहणीत वजन १० टक्के उतरलं की एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी उतरलेला दिसला. पण ४२ मधून कितीही टक्के वजा करा, तो आपोआप ५ च्या खाली येतोच असं नाही. काहींचा ॲप्निया पूर्ण जातो, काहींचा मध्यमवर अडतो, आणि आवाज मात्र दोघांचाही गेलेला असतो. वजन स्थिरावलं की पुन्हा झोपेची तपासणी, आणि तोवर मशीन चालू. वजन उतरवायच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांच्या मध्यम आणि तीव्र ॲप्नियासाठीही मान्यता मिळाली, त्यामुळे पुढे ऑपरेशनशिवायचे रस्ते वाढतील. पण तेही महिन्यांचं काम आहे, आजच्या रात्रीचं नाही.

दादाचे पाच महिने झाले. वजन ९९. आपोआप दाब ठरवणारं मशीन आता १३ वरून ९ वर आलंय. चेहरा उतरल्यामुळे पट्ट्या दोनदा कमी केल्या, उशांचं मापही मोठ्याचं मध्यम झालं. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.

परवा दुकानात गेले तर बाकावर पेठेतले एक काका बसलेले, हातात नवाकोरा मास्क, तोंड त्रासलेलं. त्यांचंही ऑपरेशन अडलंय. दादाने बाकावरचे वायरचे रिळ खाली ठेवले, उशीला पोतं दिलं आणि म्हणाला, "काका, आडवे व्हा आधी. बसून नाही लावायचा."